अर्धा क्लस्टर जुना, अर्धा नवा: इंदूरमधल्या एका कॅसांड्रा अपग्रेडचं प्रकरण

होळीच्या रात्री देवास नाक्यावर ट्रक ओळीने उभे असतात. ड्रायव्हर-क्लीनर गावी गेलेले असतात आणि दुसऱ्या दिवशी धुळवडीलाही रस्त्यावर गाड्या तुरळकच. गाड्यांचा ठावठिकाणा साठवणं हेच ज्यांचं काम, त्या आमच्यासारख्यांना वर्षात एवढी उसंत दुसऱ्या कुठल्या रात्री मिळत नाही. म्हणून डेटाबेसची आवृत्ती बदलायला आम्ही २०२५ च्या होळीची रात्र धरली.

काम थोडक्यात असं. मालवाहतूकदारांच्या गाड्यांत जीपीएस यंत्र बसवलेलं असतं. ते दर तीस सेकंदांनी ठिकाण, वेग आणि इंजिन चालू की बंद एवढं पाठवतं. पीथमपूरहून माल भरून धामनोद, सेंधवा करत मुंबईकडे निघालेली गाडी मालकाला मोबाइलवर दिसत राहते. हा सगळा ओघ कॅसांड्रा या डेटाबेसमध्ये जातो. त्याचे सहा नोड, म्हणजे सहा यंत्रं, मिळून एक क्लस्टर आहे, प्रत्येक नोंदीच्या तीन प्रती राहतात, आणि लिहिताना-वाचताना कोरम लागतो, म्हणजे तिघांपैकी दोघांनी होकार दिला की काम झालं. एक नोड बंद पडला तरी गिऱ्हाइकाला पत्ता लागत नाही. चालू डेटाबेसचा अपग्रेड याच गुणावर उभा असतो: एक नोड थांबवा, नवी आवृत्ती घाला, चालू करा, पुढच्याकडे वळा.

आमच्याकडे कॅसांड्राची ३.११ आवृत्ती होती. ही मालिका जून २०१७ मधली. ४.० जुलै २०२१ मध्ये आली, ४.१ डिसेंबर २०२२ मध्ये. सप्टेंबर २०२४ मध्ये ५.० आली आणि ३.११ ची देखभाल थांबली. यापुढे सुरक्षेची भोकं बुजवली जातीलच, याची खात्री उरली नव्हती. ३.११ वरून एकदम ५.० वर उडी मारता येत नाही, मध्ये ४ चा मुक्काम करावाच लागतो. आम्ही ठरवलं की आधी ४.०, ते अंगवळणी पडलं की ४.१, आणि ५.० चा विचार त्यानंतर.

माझ्या नियोजनाच्या कागदावर ‘आधी’ची अवस्था दोन पानं होती आणि ‘नंतर’ची तीन. सहा नोडांपैकी काही जुने आणि काही नवे असतानाची जी मधली अवस्था, तिच्यासाठी एकच ओळ होती: ‘एकेक नोड क्रमाने’. जे काही बिघडलं ते सगळं त्या एका ओळीत बिघडलं, म्हणून हे प्रकरण मी त्या ओळीबद्दलच लिहितो आहे.

मधल्या काळाचे कायदे

३.११ आणि ४.० एकमेकांशी बोलतात, पण सगळ्याच विषयांवर बोलत नाहीत. रोजचं लिहिणं-वाचणं चालतं. टेबलात नवा रकाना जोडला, तर तो बदल मात्र नव्याकडून जुन्याकडे पोचत नाही. क्लस्टरचं वर्णन विचारलं की स्कीमाच्या, म्हणजे टेबलांच्या रचनेच्या, दोन आवृत्त्या दिसतात. एरवी हे दिसलं असतं तर मी घाबरून उठलो असतो, मधल्या काळात ते तसंच दिसायचं असतं. प्रती आपसात ताडून सारख्या करणारा रिपेअर चालवायचा नाही, कारण त्यात नोड एकमेकांना डेटा पाठवतात आणि दोन मोठ्या आवृत्त्यांमध्ये ती पाठवणी होत नाही. त्याच कारणाने नवा नोड जोडायचा नाही आणि असलेला काढायचाही नाही. मागे फिरायची वाटही बंद असते. ४.० ने एकदा आपल्या पद्धतीची फाइल लिहिली की ती ३.११ ला वाचता येत नाही. हाताशी उरतो तो फक्त अपग्रेडच्या आधी काढलेला स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणीच्या फाइली जपून ठेवलेला संच.

यातला रिपेअरचा कायदा सगळ्यांत जड. कॅसांड्रात पुसणं म्हणजे ‘हे पुसलं’ अशी खूण लिहिणं. ती खूण मुळात दहा दिवस ठेवली जाते, सेटिंगमध्ये ८६४००० सेकंद असं लिहिलेलं असतं. तिन्ही प्रतींपर्यंत खूण पोचायला हवी ती तेवढ्या मुदतीत. एखाद्या नोडने ती ऐकलीच नाही, मध्ये रिपेअरही झाला नाही, आणि बाकीच्या दोघांनी मुदत संपल्यावर खूण टाकून दिली, तर त्या तिसऱ्याकडची जुनी नोंद पुन्हा जिवंत होऊन सगळीकडे पसरते. आमच्याकडे पुसलं जाणारं काय? विकलेल्या गाड्या. मालकाने गाडी विकली की तिचं नाव त्याच्या खात्यातून काढतो. ती नोंद परत उगवली तर जुन्या मालकाला दुसऱ्याची गाडी रात्रंदिवस दिसत राहील. असलं काही होणं मला कुठल्याही कारणाने मान्य नव्हतं.

आमचा शेवटचा रिपेअर रविवारी, ९ मार्चला सुरू झाला होता. होळी १३ ला. फळ्यावर मी मोठ्या अक्षरांत ‘१९ मार्च’ लिहून ठेवलं.

रंगीत तालीम

तीन छोट्या यंत्रांवर आम्ही आधी सगळं करून पाहिलं. माझ्यासोबत काम करणारी मुलगी या क्षेत्रात नवी आहे, पण नजर बारीक. ती रामबागेत राहते आणि मला दादा म्हणते. तालमीचा बराचसा भार तिनेच उचलला.

पहिल्याच नोडवर ४.० उठेना. कॅसांड्रा-यामल ही सेटिंगची जुनी फाइल तशीच ठेवली होती. नव्या आवृत्तीने थ्रिफ्ट नावाचा जुना संवादमार्ग पूर्ण काढून टाकला आहे, त्यामुळे त्याच्या सेटिंगच्या ओळी फाइलमध्ये दिसल्या की ती उठायलाच नकार देते. एक बरं की नको असलेल्या ओळींची नावं ती स्वतःच सांगते. इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. ‘आरपीसी’ने सुरू होणाऱ्या ओळींपैकी स्टार्ट-आरपीसी आणि आरपीसी-पोर्ट थ्रिफ्टच्या, त्या जातात. आरपीसी-ॲड्रेस ही तशीच दिसणारी ओळ मात्र आजही कामाची आहे. सरसकट सगळ्या पुसल्या तर बाहेरून जोडणाऱ्यांना नोड सापडायचा नाही.

मग तिने उलट बाजूने प्रयोग केला. नव्या आवृत्तीसोबत आलेली कोरी फाइल घेतली आणि तीत आमचे पत्ते भरले. तरीही नकार. टोकनांची, म्हणजे नोडच्या वाट्याला येणाऱ्या डेटाच्या तुकड्यांची, संख्या २५६ वरून १६ करता येणार नाही, असं उत्तर आलं. ४.० सोबतच्या फाइलमध्ये प्रत्येक नोडमागे १६ टोकन धरलेले आहेत आणि नव्याने क्लस्टर उभारणाऱ्याला तेच योग्य. आमचे नोड जन्मापासून २५६ वाले. ज्या नोडमध्ये डेटा आहे त्याची ही संख्या बदलता येत नाही, तिथे २५६ च लिहायचं. तेव्हा ठरलं की प्रत्येक नोडची आपली जुनी फाइल घ्यायची आणि तिच्यातून फक्त बाद झालेल्या ओळी काढायच्या.

तालीम दुपारभरात संपली आणि तिन्ही नोड नवे झाले. आता दिसतं की खोट तिथेच होती. मधली अवस्था जेमतेम वीस मिनिटं टिकली, आणि त्या वीस मिनिटांत आमच्या एकाही सेवेला नव्याने जोडणी करायची वेळ आली नाही.

होळीची रात्र

रात्री अकराला पहिला नोड घेतला. स्नॅपशॉट काढला, ड्रेन करून हातातलं सगळं डिस्कवर उतरवलं, थांबवलं, नवी आवृत्ती घातली, उठवलं. बारा मिनिटं. दुसराही तसाच झाला.

तिसरा उठेना. त्याच्या फाइलमध्ये रिक्वेस्ट शेड्यूलरची एक ओळ निघाली. थ्रिफ्टबरोबरच बाद झालेली ही सोय कधीकाळी कोणीतरी याच एका यंत्रावर करून पाहिली असणार. ओळ काढून लगेच उठवता आलं असतं, पण मला राहवेना. ही फाइल वेगळी निघाली तर आणखी काय वेगळं असेल? आम्ही ती पहिल्या दोन नोडांच्या फाइलींशी ओळीओळीने ताडून पाहिली. त्यात चाळीस मिनिटं गेली आणि तेवढा वेळ नोड बंद राहिला. चौथ्या, पाचव्या आणि सहाव्याच्या फाइली मात्र उघडल्या नाहीत. त्यांची पाळी उद्याची होती.

तीनच्या सुमाराला अर्धा क्लस्टर नवा झाला होता. आलेख शांत होते. सोबतची मुलगी घरी गेली, मी तिथेच आडवा झालो.

पावणेसहाला एका वाहतूकदारांचा फोन आला. “भैया, हमारी गाड़ी एक घंटे से सेंधवा पे खड़ी दिखा रही है, और ड्राइवर बोल रहा है मैं तो शिरपूर निकल गया.”

पहाट

आमच्या नोंदी घेणाऱ्या सेवेच्या बारा प्रती चालतात, आणि लॉग फिरवण्यासाठी पहाटे चारला त्या बाराही बंद होऊन पुन्हा सुरू होतात. वर्षानुवर्षं असंच चाललं आहे. त्या दिवशी सुरू झाल्यावर बारापैकी सात प्रती अडखळत होत्या आणि पाच सुरळीत होत्या. मला सगळ्यांत जास्त कोड्यात टाकलं ते यानेच. कोड तोच, सेटिंग तीच, यंत्रंही तशीच.

अडखळणाऱ्या प्रतींचा लॉग उघडला तेव्हा एकच ओळ शेकडो वेळा होती: प्रोटोकॉलची (बोलण्याच्या नियमांची) पाचवी आवृत्ती इथे बीटा आहे, आणि बीटा वापरायची खूण लावलेली नाही. ही ओळ ३.११ चे नोड परत पाठवत होते.

सेवेतला पायथॉनचा ड्रायव्हर, म्हणजे डेटाबेसशी बोलणारा कोडचा भाग, सुरू होताना यादीतल्या एखाद्या नोडशी बोलतो आणि दोघांना येणारी सर्वांत नवी प्रोटोकॉल आवृत्ती ठरवतो. पुढे त्याच आवृत्तीने तो सगळ्यांशी बोलायला जातो. ३.११ ला चौथी आवृत्ती येते. पाचवी तिच्यात कच्च्या रूपात आहे, पक्की झाली ती ४.० मध्ये. ज्या सात प्रतींची पहिली गाठ नव्या नोडशी पडली त्यांनी पाचवी धरली, आणि तिन्ही जुन्या नोडांनी त्यांना दारातूनच परत पाठवलं. ड्रायव्हरने ते तिघे बंद आहेत असं मानलं. उरलेल्या पाच जणांना आधी जुना नोड भेटला, त्यांनी चौथी धरली, आणि चौथी नव्या नोडांनाही येते. म्हणून त्यांचं सुरळीत चाललं होतं.

डेटा हरवत नव्हता, फक्त उशिरा पोचत होता, हे इथे स्पष्ट सांगायला हवं. नव्या नोडने नोंद घेतली की तो ती आतल्या वाटेने जुन्या नोडांकडेही पोचवत होता. पण निम्म्याहून अधिक ओझं तिघांच्या डोक्यावर आलं होतं, आणि तेवढ्यानेही ते हाशहुश करायला नकोत. म्हणून त्यातल्या एका नोडवर नोडटूल या कॅसांड्राच्याच साधनाने माहिती मागवली. हीप मेमरीच्या, म्हणजे कॅसांड्राला वापरायला मिळालेल्या मेमरीच्या, ओळीत शेवटचा आकडा होता आठ हजार एमबी आणि वर थोडे. आम्ही प्रत्येक नोडला १६ जीबी दिलेले होते.

ते सोळा लिहिलेले होते जेव्हीएम-ऑप्शन्स नावाच्या फाइलमध्ये. ४.० ती फाइल बघतच नाही. जावाच्या आवृत्त्यांप्रमाणे तिचे तुकडे झाले आहेत आणि सर्व्हरसाठीचं सामायिक सेटिंग आता जेव्हीएम-सर्व्हर-ऑप्शन्समध्ये जातं. तिथे आकडा दिला नाही तर कॅसांड्रा स्वतः हिशेब करते आणि यंत्र कितीही मोठं असलं तरी आठ जीबीच्या वर जात नाही. कसलीही तक्रार न करता नोड अर्ध्या मेमरीवर उठतो. यामल फाइलमधली एक चुकीची ओळ त्याला उठू देत नाही आणि इथे मात्र तो गप्प राहतो. मला वाटतं, अपग्रेडमध्ये सगळ्यांत जास्त वेळ या गप्प राहणाऱ्या बदलांना द्यायला हवा. तालमीत हे दिसलं नाही, कारण तिथली यंत्रंच छोटी होती.

ती सव्वासहाला परत आली तेव्हा अंगणात कोणीतरी लावलेला गुलाल कपाळावर तसाच होता. “दादा, ड्रायव्हरला चौथी आवृत्ती सक्तीने सांगता येते. एक ओळ आहे,” ती बसता बसता म्हणाली. तिने ती ओळ घातली आणि एकेक करत बाराही प्रती पुन्हा सुरू केल्या. पाऊण तासात नकाशावरच्या गाड्या हलल्या. सेंधव्याची गाडी धुळ्याजवळ निघाली.

हीपसाठी तिन्ही नव्या नोडांना पुन्हा थांबवून उठवणं भाग होतं. मी आमची नेहमीची बंद करायची स्क्रिप्ट चालवली तर ती पहिल्याच ओळीवर थांबली. पहिली ओळ थ्रिफ्ट बंद करण्याची होती. थ्रिफ्टच गेलं, तर नोडटूलमध्ये ती आज्ञा कुठून असणार? स्क्रिप्टला आम्ही ‘चूक झाली तर पुढे जाऊ नकोस’ असं शिकवलं होतं, तिने तेच केलं. ती ओळ काढली. नोडांवरच्या बाकीच्या स्क्रिप्टही त्याच बसणीत तपासल्या, तेव्हा आणखी दोन ठिकाणी तीच आज्ञा सापडली.

‘रंगपंचमीपर्यंत राहू दे’

दहा वाजता कामकाज बघणाऱ्या ताईंचा फोन आला. सकाळपासून गिऱ्हाइकांचे बोल त्यांनीच ऐकले होते.

“आता हात लावू नकोस रे. चाललंय तसं चालू दे. बुधवारी रंगपंचमीची सुट्टी आहे, सगळं शहर गेरमध्ये असतं, तेव्हा उरलेले तीन करा.”

त्यांचं म्हणणं वावगं नव्हतं. रंगपंचमीला राजवाड्याकडे गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते त्या दिवशी इंदूरमध्ये कुणी कुणाला फोन करत नाही, आणि रात्रभर जागलेल्या माणसांनी आणखी तीन नोड उघडणं कोणालाच धोक्याचं वाटेल. पण रंगपंचमी म्हणजेच १९ मार्च.

“ताई, बुधवारी रिपेअरची मुदत संपते,” मी म्हणालो. “बुधवारी तीन नोड केले तरी त्या दिवशी रिपेअर पुरा होणार नाही, त्याला दोन दिवस लागतात. गेल्या आठवड्यात आपण किती विकलेल्या गाड्या खात्यांतून काढल्या ते तुम्हाला माहीत आहे. त्यातली एखादी परत आली तर आजच्यापेक्षा मोठा फोन येईल.”

त्या थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग विचारलं, “आणि सोमवारी तो नवा रकाना टाकायचा होता, डिझेलचा?”

“तोही थांबेल. सहाही नोड एका आवृत्तीवर येईपर्यंत कुठलंच टेबल बदलायचं नाही.”

“बरं. पण आधी झोपा दोघं. दुपारी करा.”

त्यांचं हे सांगणं बरोबर होतं आणि आम्ही ते ऐकलं. चारला परत आलो. धुळवडीच्या संध्याकाळी चौथा, पाचवा, सहावा असे तिन्ही नोड काही न घडता पार पडले. मेमरीचं सेटिंग आधीच नव्या फाइलीत होतं, सेवा चौथ्या प्रोटोकॉलवर बांधलेल्या होत्या. पावणेआठला क्लस्टरचं वर्णन मागितलं तेव्हा स्कीमाची एकच आवृत्ती दिसली. शनिवारी सकाळी पूर्ण रिपेअर लावला. तो सोमवारी, १७ तारखेला संपला.

फाइली आणि डिस्क

यानंतरचं काम कंटाळवाणं आहे, पण त्यातही पाय अडकला. आमच्या जुन्या फाइलींची नावं ‘एमडी’ने सुरू होतात, ४.० च्या ‘एनबी’ने. नोडटूलची अपग्रेड-एसएसटेबल्स ही आज्ञा जुन्या फाइली वाचून नव्या रूपात लिहिते. आम्ही एका वेळी एकच नोड घेतला. पहिल्या नोडवर डिस्क भराभर भरू लागली आणि फाइली नव्या होऊनही जागा सुटेना. कारण होळीच्या रात्रीचा स्नॅपशॉट. काढताना तो जवळपास काहीच जागा खात नाही, कारण तो त्याच फाइलींना दुसरं नाव देतो. मूळ फाइल हटली तरी स्नॅपशॉटने ती धरून ठेवलेली असते, म्हणून जागा मोकळी होत नाही. रिपेअर पुरा झाला होता, मागे फिरायचं नव्हतं. स्नॅपशॉट दुसऱ्या यंत्रावर हलवून नोडवरून काढले, मग काम पुढे सरकलं.

गाड्यांच्या ठिकाणांचं टेबल आम्ही यातून वगळलं. त्यातल्या नोंदी नव्वद दिवसांनी आपोआप जातात आणि फाइली दिवसादिवसाच्या वेगळ्या असतात. ४.० जुन्या फाइली व्यवस्थित वाचते. जे जूनमध्ये जाणारच आहे ते एप्रिलमध्ये पुन्हा लिहून डिस्क झिजवायची कशाला? ५.० वर जायच्या आधी एकही एमडी फाइल उरलेली नसेल, एवढं आम्ही यादीत लिहून ठेवलं.

अठरा मिनिटं

मे महिन्यात ४.१ कडे वळलो. प्रशासनाच्या बाजूने ४.१ मधला मला आवडलेला बदल म्हणजे सेटिंगच्या आकड्यांना एकक जोडता येतं. पूर्वी नावातच ‘इन-एमएस’ असायचं आणि समोर उघडा आकडा. आता नाव सुटसुटीत झालं आणि समोर ‘३एच’ किंवा ‘५०००एमएस’ असं लिहायचं. जुनी नावंही चालतात, त्यामुळे बदलायची सक्ती नव्हती. तरी मी तिला म्हटलं, सहाही फाइली नव्या पद्धतीने लिहून काढ, वाचायला सोपं जाईल.

दुपारी ती लॅपटॉप घेऊन माझ्या टेबलाशी आली. “दादा, पाचव्या नोडवर हिंटची मुदत अठरा मिनिटंच येतेय. बाकी पाचांवर तीन तास.”

एखादा नोड बंद असताना त्याच्यासाठी आलेल्या नोंदी बाकीचे नोड चिठ्ठीसारख्या बाजूला ठेवतात आणि तो उठला की त्याला देतात. या हिंट किती वेळ जमवायच्या त्याची मुदत मुळात तीन तास, म्हणजे १०८००००० मिलिसेकंद. पाचव्या नोडवर लिहिलं होतं १०८००००. एक शून्य कमी. ते यंत्र काही वर्षांपूर्वी बदललं होतं आणि फाइल हाताने लिहिली गेली होती, माझ्याच हाताने. तेव्हापासून त्या आकड्यावरून कितीदा नजर फिरली असेल, पण उघडे सात आकडे आणि आठ आकडे डोळ्यांना सारखेच दिसतात. तिने भागाकार करून ‘मिनिटं’ लिहायला घेतलं तेव्हा ते उघडं पडलं.

मला आठवला तो तिसरा नोड, होळीच्या रात्री चाळीस मिनिटं बंद असलेला. त्यातली शेवटची बावीस मिनिटं पाचव्या नोडकडे आलेल्या नोंदींच्या चिठ्ठ्या तिसऱ्यासाठी ठेवल्याच गेल्या नव्हत्या. दोन प्रती झाल्या होत्या, तिसरी नाही. आणि त्या रात्री फाइली ताडताना पाचव्याची उघडली असती तर हे तेव्हाच दिसलं असतं.

“मग त्या बावीस मिनिटांतल्या नोंदी?” तिने विचारलं.

मी १५ मार्चच्या रिपेअरचा लॉग काढला आणि आम्ही दोघांनी मिळून तो वाचला. तिसऱ्या आणि चौथ्या नोडच्या प्रतींत तफावत सापडल्याच्या ओळी होत्या, त्याखाली डेटा पाठवल्याच्या, आणि शेवटी पूर्ण झाल्याची. तिने नव्या फाइलीत पाचव्या नोडसमोर ‘३एच’ लिहिलं आणि सहाव्याची फाइल उघडली.